कुंड्यांची ऑर्डर रद्द कर

डोंबिवली,
18 जानेवारी

प्रिय बंड्या,

तिळगूळ घे, गोड बोल. मीही गोड बोलायचा प्रयत्न करतोय, पण तू पाठवलेला फोटो बघून ते जरा जड जातंय. एक कुंडी साडेआठशेला? अशा बारा? आणि वर मला विचारतोस, पांढऱ्या घेऊ की विटकरी! ऑर्डर रद्द कर. आधी रद्द कर, मग पुढचं वाच.

अरे, तुमच्या साताऱ्याच्या घराचा ओटा विसरलास का? पायरीपासून तुळशीपर्यंत ओळीने डालड्याचे डबे. पिवळे, त्यावर हिरवं माडाचं झाड. अबोली, सदाफुली, दोन डब्यांत गुलबक्षी, आणि कोपऱ्यात रॉकेलच्या चौकोनी डब्यात मोगरा. काकूंनी उभ्या जन्मात कुंडी विकत घेतली नसेल. आणि त्यांचा मुलगा आज पुण्यात अकराव्या मजल्यावर बसून कुंड्यांचे रंग निवडतोय.

एक प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. आपण आठवीत असू. काकू नवा डबा तयार करत होत्या, तर मी शहाणपणाने पुढे झालो, डबा पालथा घातला, बुडावर खिळा ठेवला आणि दगड मारला. काकू म्हणाल्या, "उलटं केलंस." त्यांनी डबा सरळ ठेवला, आत लांब सळई सोडली आणि वरून ठोकून भोक पाडलं. मग दोन्ही भोकं मला बोटाने चाचपायला लावली. बाहेरून ठोकलं की पत्र्याचा काठ आत वळतो, भोकाभोवती बांध होतो आणि त्यामागे पाणी साचून राहतं. आतून ठोकलं की काठ बाहेर वळतो आणि पाणी मुकाट खाली जातं. तुझं लक्ष तेव्हा पतंगाकडे होतं. मी मात्र आजतागायत पत्र्याचा डबा आतूनच फोडतो.

सांगायचं एवढंच की झाडाला डबा कशाचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं, पाणी कुठून जातं याच्याशी असतं.

आता माझ्या गॅलरीचं सांगतो. दहा फूट बाय साडेतीन, पश्चिमेला तोंड, दुपारी एकपासून मावळेपर्यंत ऊन. सोसायटीला रंग लावला तेव्हा रंगाऱ्यांनी टाकून दिलेल्या 20 लिटरच्या नऊ बादल्या मी उचलून आणल्या. पाण्यात कालवायच्या रंगाच्याच घेतल्या बरं, ऑइलपेंटच्या नाहीत, त्यांचा वास जात नाही. पहिल्या बादल्यांना बुडाला भोकं पाडली आणि फरशीवर टेकवल्या, तर बूड फरशीला घट्ट चिकटलं आणि भोकं असून नसल्यासारखी झाली. पहिल्याच पावसाळ्यात दोन गुलाब मुळातून कुजले. तेव्हापासून बुडाला चार भोकं तर पाडतोच, शिवाय बाजूलाही, तळापासून बोटभर उंचीवर, तीन पाडतो आणि बादली विटांच्या तुकड्यांवर ठेवतो. गरम सळईने पाडू नकोस, घरभर प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटतो आणि वहिनी तुला गॅलरीतच जेवायला वाढतील. ड्रिल वापर.

सगळ्यात देखणी जास्वंद कशात आहे सांगू? वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये. भंगारवाल्याकडे पडला होता. स्टीलचा, गंजत नाही, आणि भोकं कंपनीनेच पाडून दिलेली. आतून काथ्याचा थर लावला की माती वाहून जात नाही. आमचा हिंडालियमचा पाच लिटरचा कुकर, त्याचा कान तुटला होता, त्यात सदाफुली आहे. भोक पाडून द्यायला भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे नेला तर तो म्हणाला, काका, कान बसवून देतो, चांगला कुकर का फोडताय? त्याची समजूत घालण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात दहा भोकं पडली असती.

तेलाचे पत्र्याचे डबे मी आता बंद केले. काकूंचा ओटा सावलीत होता. माझ्याकडे पश्चिमेच्या उन्हात पत्रा असा तापतो की हात लावला तर चटका बसतो, कडेची मुळं आत शिजून जातात. गोणपाट गुंडाळून ते भिजवत राहिलं तर निभतं, पण तुझ्याने ते होणार नाही, मी ओळखतो तुला.

आणि करवंट्या फेकू नका. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ असतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्यायची आणि मऊ डोळ्यात स्क्रू-ड्रायव्हर घातला की भोक तयार, ठोकाठोक नाही. त्यात चिनी गुलाब लावतो, आपण ज्याला ऑफिस टाइम म्हणायचो तो. मूठभर मातीत जगतो, एक दिवस पाणी विसरलं तरी रुसत नाही. ऊन चढलं की उघडतो, दुपारनंतर मिटतो. सरकारी ऑफिसपेक्षा वेळेला पक्का.

मातीबद्दल विचारलंस. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. बस. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते, म्हणून टबात भिजव, घमेल्यात नको. नुसती माती भरू नकोस. ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे 20 लिटरची एक बादली पस्तीस किलोची. अशा बारा बादल्या कठड्याच्या कडेला मांडल्यास तर अधांतरी गॅलरीच्या टोकाला पाच-सहा माणसं कायमची उभी केल्यासारखं आहे. जड ते भिंतीलगत, हलकं ते कठड्याकडे. आणि कठड्याच्या बाहेर काहीही टांगायचं नाही, अकराव्या मजल्यावरून करवंटीसुद्धा जीव घेईल.

तळाला खडी घालायची का, हेही विचारलंस. सगळे घालतात. मीही कित्येक वर्षं घातली. आता नाही घालत. एक गंमत करून बघ. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडव आणि आडवा धर. पाणी गळेल, मग थेंब थांबतील. आता तोच स्पंज तसाच उभा कर, पिळायचा नाही. आणखी पाणी गळेल. मातीचंही तसंच आहे. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि खाली जाडी खडी आली तरी माती स्वतः तुडुंब भरेपर्यंत पाणी खाली सोडत नाही. म्हणजे खडीने निचरा वाढत नाही, उलट चिखलाचा थर तेवढा मुळांच्या जवळ येतो. माती भोकातून जाऊ नये म्हणून वर एक खापराचा तुकडा किंवा नारळाची शेंडी ठेवली की पुरे. आणि उभ्या स्पंजातून जास्त पाणी गळतं, म्हणूनच जास्वंद-गुलाबाला पसरट टब नको, उंच बादली हवी.

निचऱ्याचं एवढं कौतुक सांगतोय, पण निचरा झालेलं पाणी जातं कुठे, हे मला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवलं. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. मी वर मोगऱ्याला सढळ हाताने पाणी घातलं. गांडूळखताचं तपकिरी पाणी. पुढचं लिहीत नाही. आमच्या हिने दोन किलो साबुदाणा आणून दिवसभर खाली बसून पापड्या घालून दिल्या आणि आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलली. आता बादल्यांखाली जुनी ताटं, मिठाईच्या डब्यांची झाकणं असं काहीबाही आहे. पण त्यात पाणी साचू द्यायचं नाही हं, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला तयार होतो. मी ताटांत वाळू भरून ठेवलीय. आणि पाणी मगाने घालायचं, पाइप लावायचा नाही.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की समज पिठ्या ढेकूण आला. मुंग्यांची रांग लागली असेल तर नक्कीच, त्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याची राखणही करतात. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत.

आता खरी गोष्ट. शेवंतीची. हिच्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

सासूबाईंनी वाईहून पिवळ्या शेवंतीची मुनवं (बुडाशी फुटलेली कोवळी रोपं) दिली होती. मासळी बाजारातून थर्माकोलची दोन खोकी आणली (तीन वेळा धुतली, तरी महिनाभर सोसायटीतली मांजरं आमच्या दारात धरणं धरून होती). एकाच झाडाची रोपं, एकच माती, एकाच हाताने पाणी. एक खोकं कठड्याजवळ, दुसरं जागा नाही म्हणून कपाटाच्या आडोशाला. दिवाळी झाली. कपाटामागच्या शेवंतीला कळ्याच कळ्या. कठड्याजवळची, जिला ऊन जास्त मिळतं ती, नुसती हिरवीगार. ढिम्म. मी खत दिलं, शेंडे खुडले, रागावलोसुद्धा.

मग एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो आणि बघतो तर कठड्याजवळचं खोकं दिवसासारखं उजळलेलं. सोसायटीने गेटावर नवा एलईडी लावलाय, त्याचा झोत थेट तिच्यावर. ट्यूब पेटली, म्हणजे माझ्या डोक्यातली. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. म्हणून तर ती थंडीत फुलते. मध्ये उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो, अजून रात्र लांबली नाही असं समजून ती पानंच काढत बसते. पॉलिहाउसवाले हेच उलटसुलट करतात. फुलं उशिरा हवी असतील तर रात्री दिवे लावायचे, लवकर हवी असतील तर काळं कापड ओढायचं. माझ्याकडे काळं कापड कुठलं? पण रंगाच्या बादल्या होत्या. त्यांतली एक भोकं न पाडलेली शिल्लक होती, तिला बाहेरून डांबरी काळा फासला, आणि 25 नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी साडेसहाला ती शेवंतीवर पालथी घालतो, सकाळी सातला काढतो. पहिले पंधरा दिवस घरात माझी यथेच्छ चेष्टा झाली. आता मी उशिरा आलो तर हीच विचारते, "शेवंतीला झोपवायचीय ना?" आणि बहुतेक वेळा तोवर तिने झोपवलेली असते.

आज सकाळी बादली काढली तर कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्यात, टोकाला पिवळा रंग दिसतोय. महिनाअखेर उमलतील असा अंदाज आहे.

तुझी गॅलरी पूर्वेला आहे म्हणतोस, म्हणजे ऊन सकाळचं तीन-चार तास. मोगऱ्याचा हट्ट धरू नकोस, त्याला पाच-सहा तास तरी लागतात. अबोली लाव. तिला कोवळं ऊन मानवतं, आणि तुमच्या घरात अबोली नसणं मला काही बरोबर वाटत नाही. वरच्या मजल्यावर वारा फार, माती लवकर सुकेल, त्यामुळे वर पालापाचोळ्याचा थर ठेव. फेब्रुवारीत मी पुण्याला येतोय. अबोलीची चार रोपं दुधाच्या पिशव्यांत करून ठेवली आहेत, ती घेऊन येतो. तू फक्त घरात जे काही फुटकं, तुटकं, कान उडालेलं असेल ते माळ्यावरून खाली काढून ठेव. आणि काकूंना विचार, त्यांची ती सळई कुठे आहे. त्यांनी टाकली नसणार.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
बापू

ता. क. : कुकर फोडला त्याला तीन वर्षं झाली, पण त्याची शिट्टी हिने डब्यात जपून ठेवलीय. कशासाठी, ते विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.