शीर्षकगीत ओळखायला आधी मॉडेल कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रेक्षकाला बटण दाबून वगळता यावे म्हणून मालिकांमधले शीर्षकगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेवरचा लेख आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वाचला. विषय चांगला, पण हजारो भागांवर हाताने खुणा करून मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचे, ही त्यातली मांडणी उलट्या टोकाने सुरू होते. शीर्षकगीत दिसते कसे हे यंत्राला ठाऊक असण्याची गरजच नसते. ते भागागणिक पुन्हा येते, एवढे पुरते. पुनरावृत्ती शोधायला शिकवणी लागत नाही.

प्रत्येक भागाच्या पहिल्या दहा मिनिटांचा आवाज एफएफएमपेग या ध्वनिचित्र हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने वेगळा काढून क्रोमाप्रिंटला द्यावा. हे मुक्त साधन आवाज मोनो करून ११,०२५ हर्ट्झवर आणते, बारा स्वरांपैकी कोणत्या स्वरात किती जोर आहे ते पाहते आणि सेकंदाला साधारण आठ, असे ३२ बिटांचे (शून्य-एकच्या ३२ अंकांचे) आकडे देते. हाच आवाजाचा ठसा. दहा मिनिटांचे सुमारे ४,८५० आकडे होतात. एका भागाचे आकडे दुसऱ्यावर सरकवत न्यायचे आणि प्रत्येक जोडीत किती बिट वेगळे पडतात ते मोजायचे. संबंध नसलेल्या आवाजांत निम्मे, म्हणजे १६ च्या आसपास बिट वेगळे निघतात. फरक सहाच्या आत राहिलेल्या जोड्यांची रांग १५ सेकंदांहून लांब गेली, की तो तुकडा दोन्ही भागांत आहे असे धरावे. मधली दोन-तीन सेकंदांची फट चालवून घ्यावी, नाहीतर गाण्यावर एखादा संवाद आला की तुकडा दुभंगतो. सगळ्या सरकवण्या मिळून सुमारे दोन कोटी पस्तीस लाख तुलना होतात. साध्या संगणकालाही त्या जड नाहीत.

फसगत होते ती इतरत्र. शांततेचे ठसे सगळीकडे सारखेच निघतात, त्यामुळे दोन भागांतल्या निःशब्द जागा एकमेकींशी छान जुळतात. त्या आधीच गाळाव्यात. मालिकेतले ठरावीक पार्श्वसंगीत प्रसंगाखाली पुन्हा वाजते आणि शीर्षकगीत म्हणून पकडले जाते. इथे चित्राची साक्ष काढावी. फ्रेम ९ बाय ८ पिक्सेलची, करड्या रंगात करून शेजारच्या पिक्सेलांची तुलना केली की ६४ बिटांचा ठसा मिळतो. दहापर्यंत बिटांचा फरक असला तरी चित्र बहुधा तेच असते. कलाकारांची नावे बदलली तरी हा ठसा फारसा हलत नाही. मात्र नावे प्रसंगावरच उमटत असतील तर चित्र दर भागात वेगळे असणार, तिथे आवाजावरच विसंबावे लागते. २४ फ्रेमची चित्रफीत २५ च्या वेगाने चालवून केलेली प्रतही अशीच चकवते. ६० सेकंदांचे गीत ५७.६ सेकंदांत संपते, स्वर एका अर्धस्वराच्या (सेमिटोनच्या) सुमारे सात दशांशाने वर चढतो आणि मूळ प्रतीशी ठसा जुळत नाही. अशा प्रतींची तुलना आपसातच करावी.

प्रसारणावरून मुद्रित केलेल्या भागांत जाहिरातीही पुन्हा पुन्हा येतात, अगदी शीर्षकगीताइतक्याच. पण जाहिरात वेगवेगळ्या मालिकांत सापडते, शीर्षकगीत एकाच मालिकेत. म्हणून दोन-चार परक्या मालिकांचे ठसे शेजारी ठेवले की जाहिराती आपोआप वेगळ्या पडतात.

‘मागील भागात’चा तुकडा या रीतीने सापडतच नाही, कारण तो दर वेळी नवा असतो. त्यासाठी पहिल्या तीन मिनिटांतल्या फ्रेम आधीच्या संपूर्ण भागांशी ताडाव्या लागतात. आवाज इथे फारसा कामाचा नाही, त्यावर बहुधा निवेदन किंवा वेगळे संगीत चढवलेले असते. तुकडे दोन-चार सेकंदांचेच असतात, तेव्हा सेकंदाला एक फ्रेम घेणे अपुरे पडते, चार घ्याव्यात. जुळण्या आधीच्या भागांत विखुरलेल्या निघाल्या तर ती उजळणी, सलग एकाच ठिकाणी निघाल्या तर शीर्षक.

मशीन लर्निंगची पाळी यानंतर येते, आणि तेही छोटे पुरते. सापडलेल्या तुकड्याची लांबी, भागाच्या सुरुवातीपासूनचे अंतर, सेकंदाला किती वेळा दृश्य बदलते, संगीत किती आणि बोलणे किती, पडद्यावर मजकूर आहे का, किती भागांत तो जुळला: एवढ्यावर निर्णयवृक्षांचे (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी ठरवणारे) साधे मॉडेल शीर्षक, श्रेयनामावली, प्रायोजकाची पट्टी असे भेद करते. फक्त शिकवणी आणि परीक्षा यांत मालिकाच वेगळ्या हव्यात. एकाच मालिकेचे काही भाग इकडे, काही तिकडे गेले, तर मॉडेल ती मालिकाच पाठ करते आणि गुण मात्र भरघोस मिळतात.

लेखात सांगितलेल्या ‘अचूकते’बद्दलही शंका वाटते. ४५ मिनिटांच्या भागात शीर्षकगीत एक मिनिट असेल, तर ‘इथे काहीच नाही’ असे प्रत्येक सेकंदाला म्हणणारा प्रोग्रॅमही ९७.८ टक्के अचूक ठरतो! सुरुवात किती सेकंदांनी चुकली आणि शेवट किती, हे वेगवेगळे सांगितले पाहिजे. त्यातही सरासरी नको, सर्वांत वाईट पाच टक्के भागांत काय झाले ते द्यावे. एकेक ठसा दोनएक सेकंदांच्या आवाजावर बेतलेला असल्याने तुकड्याच्या कडा तेवढ्याच पुसट असतात. जवळचा दृश्यबदल किंवा काळी फ्रेम शोधून तिथे कड बसवावी लागते. तरीही शंका उरली तर शेवट एक सेकंद अलीकडे घ्यावा. गाण्याची शेवटची ओळ ऐकू आली तर कोणी तक्रार करत नाही, पहिला संवाद गेला तर करतात. मालिकेच्या पहिल्या आणि अखेरच्या भागात शीर्षक अनेकदा नसतेच किंवा वेगळे असते. तिथे जुळणी निघाली नाही, तर शेजारच्या भागातली वेळ उसनी आणू नये, वगळण्याचे बटणच दाखवू नये.

आपले,
ध्वनिचित्र विश्लेषणाचे काम करणारे काही वाचक