लघवीचा वास फिनेलने जात नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दारात, जिन्यात, दुचाकीच्या चाकाशी लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या मांडण्याची प्रथा शहरांत आणि गावांत अजून जोरात आहे. कुत्र्यांनी तिथे घाण करू नये, हा हेतू. कुत्र्याला निळा आणि पिवळा बऱ्यापैकी ओळखता येतो, लाल त्याला मळकट दिसतो. पण मुळात प्रश्न रंगाचा नाहीच. लघवीची जागा तो नाकाने निवडतो. आधीचा वास शिल्लक आहे तोवर बाटल्यांची रांग लावा, तो तिथेच पाय वर करणार. प्रसंगी बाटलीवरच.

घरातल्या पाळीव कुत्र्याचेही तेच, आणि इथे बाटलीची जागा फिनेल घेते. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. फिनेलचा उग्र दर्प त्या अमोनियाचा वास झाकतो, पण फक्त आपल्या नाकापुरता. शिवाय काळ्या फिनेलमध्ये फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. ओल्या फरशीवरून चाललेला कुत्रा नंतर पंजे चाटतो आणि ती थेट पोटात जातात. काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनियाच असतो, म्हणजे आपणच त्याला जागेची खूण करून देतो. ब्लीच तर लघवीवर ओतूच नये. अमोनियाशी संयोग होऊन छाती भरून आणणारा क्लोरामाइन वायू सुटतो.

मग करायचे काय? लघवी ताजी असेल तर जुने सुती कापड किंवा वर्तमानपत्राच्या घड्या तिच्यावर दाबून धराव्यात. घासू नये, घासले की डाग पसरतो आणि आत मुरतो. कागद कोरडा निघेपर्यंत घड्या बदलाव्यात, मग थंड पाणी ओतून पुन्हा टिपावे. त्यानंतर एक वाटी पाण्यात एक वाटी पांढरे व्हिनेगर (घरी चायनीज करताना वापरतात तेच) मिसळून ओतावे, दहा मिनिटांनी टिपावे. जागा जवळजवळ वाळली की खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून घ्यावा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र कालवून फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि हातात राहते जवळजवळ नुसते खारट पाणी.

व्हिनेगरची आणखी एक गोम आहे, ती कोणी सांगत नाही. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. आम्लाने त्यांची झिलई उडते आणि पांढरट चट्टा पडतो, तो पुसून जात नाही. व्हिट्रिफाइड टाइलवर व्हिनेगर चालते, पण सांध्यांत फार वेळ साचू देऊ नये. चुन्याच्या दगडावर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि भांड्याच्या सौम्य साबणाचे चार थेंब घालून धुवावे, मग दोनदा साध्या पाण्याने.

गादी आणि सतरंजी ही खरी डोकेदुखी. लघवी जितकी खोल गेली तितके खोल द्रावणही गेले पाहिजे. वरवर फवारून काहीच होत नाही. उन्हाळ्यात गेल्यासारखा वाटणारा वास पावसाळ्यात पुन्हा का येतो? कापसात राहिलेले लघवीचे क्षार दमट हवेतले पाणी ओढतात आणि वास मोकळा होतो. अशा जुन्या डागावर घरगुती उपायाचा हट्ट सोडावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त (लघवीतली द्रव्ये तोडणारे) क्लीनर आणावे, आधी कोपऱ्यात लावून रंग उडत नाही ना ते पाहावे, मग जागा चिंब भिजवून बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओलीच ठेवावी. लगेच पंख्याखाली वाळवले की एन्झाइमचे काम अर्धवट राहते. त्या जागी आधी फिनेल मारले असेल तर ते पाण्याने पूर्ण काढून टाकावे, नाहीतर पैसे वाया.

वास गेला तरी सवय लावावी लागतेच. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन तासांनी, शिवाय झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत बाहेर न्यावे. बाहेर लघवी झाली की तिथेच, दोन-तीन सेकंदांत खाऊ द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. लघवीत नाक घासण्याची शिक्षा केली तर पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर करायची नाही, आणि मग सोफ्यामागे करते. शिकलेला मोठा कुत्रा अचानक घरात करू लागला तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. तिथे व्हिनेगर नव्हे, पशुवैद्यक.

डांबरगोळ्या आणि मिरची पूड या दोन ‘रामबाण’ गोष्टी मात्र ताबडतोब बंद व्हाव्यात. नॅप्थलीनची डांबरगोळी कुत्र्याने गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तिखटाने डोळे आणि नाक भाजते. आणि भटका असला तरी त्याला विनाकारण यातना देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

राहता राहिली विष्ठा खाण्याची सवय. त्यावर अननस, पपई, काही घरांत चक्क लसूण चारतात. लसूण आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, तेव्हा तो विषय तिथेच संपला. अननस-पपईवरही भिस्त ठेवू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातील बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी हजारो मालकांकडून माहिती गोळा केली, तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या सवयीवर विकल्या जाणाऱ्या औषधांचे यश दोन टक्क्यांच्या वर गेले नाही. कुत्री बहुतेक दोन दिवसांच्या आतलीच विष्ठा खातात, असेही त्यात आढळले. म्हणून उपाय एकच, कंटाळवाणा: फिरताना साखळी आखूड धरायची, पिशवी खिशात ठेवायची आणि पडल्या पडल्या उचलायचे. दुसऱ्या जनावराची विष्ठा खाल्ली असेल तर जंताच्या औषधाची पुढची तारीख पशुवैद्यकाला विचारून अलीकडे घ्यावी.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, सातारा