माळढोक दिसत नाही म्हणून माळ सोडू नका : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

आदरणीय महोदय,

नान्नजच्या माळढोक अभयारण्याविषयी एक प्रश्न आमच्याकडे चावडीवर, तहसीलच्या आवारात आणि जमिनीच्या सौद्यांत हमखास ऐकू येतो. पक्षीच उरला नाही, तर अभयारण्य कशाला ठेवायचं? आज ना उद्या हाच प्रश्न प्रस्ताव बनून आपल्या टेबलावर येईल. त्याआधी, उत्तर सोलापूर तालुक्यातल्या माळावर वाढलेल्या एका माणसाचं म्हणणं आपण ऐकून घ्यावं, अशी विनंती आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी शत्रू मानत नाही. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, पिकाखालची रानं, वस्त्या, सगळं त्यात आलं. जमिनीचे व्यवहार अडले, साध्या साध्या कामांच्या परवानग्या रखडल्या. एका पाखरासाठी आमची कोंडी का, असं लोक म्हणू लागले आणि त्यात चूक काही नव्हतं. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. शेतकऱ्यांना तो दिलासा मिळायलाच हवा होता. पण तेव्हा जे राखायचं ठरलं, त्याचाही आता लचका तोडायचा म्हटलं तर शिल्लक काय राहणार?

हे अभयारण्य मुंबईहून कोणी आणून दिलेलं नाही. सत्तरच्या दशकात, बहात्तरच्या दुष्काळानंतर, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नज परिसरातले माळाचे तुकडे चराईपासून राखले गेले. गवत पुन्हा उभं राहिलं आणि त्या गवतात माळढोक दिसू लागला. सोलापूरच्या पक्षिप्रेमींनी पदरमोड करून त्याच्या नोंदी ठेवल्या, सरकारचे उंबरठे झिजवले, म्हणून माळाला संरक्षण मिळालं. राखलं तर पाखरू येतं, हे याच मातीत एकदा घडलेलं आहे.

मग ते गेलं कसं? माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पाखराला थोडं नुकसानही सोसत नाही. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि विजेच्या तारा चुकवायला जड अंग ऐनवेळी वळत नाही. भटकी कुत्री अंडी-पिलं ठेवत नाहीत. ज्या रब्बी ज्वारीच्या रानात तो किडे टिपत फिरायचा, तिथे पाणी आल्यावर ऊस आणि द्राक्षबागा आल्या. (नान्नजच्या द्राक्षांचा मला अभिमान आहे, बागायतदाराला दोष देण्याचा विचारही मनात नाही.) मला खरं दुःख आहे ते वेगळ्या गोष्टीचं. माळ ओसाड दिसतो म्हणून त्यावर झाडं लावली गेली. गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या आणि चहूबाजूंनी मोकळं लागणाऱ्या पक्ष्याची जागा हिरवाईच्या नावाखाली आक्रसली. ते काढायला पुन्हा वेगळे कष्ट पडले. असं असूनही पावसाळा आला की वृक्षलागवडीचं उद्दिष्ट पुरं करायला माळच शोधला जातो.

अलीकडच्या गणनांत माळढोक एक-दोनाच्या पुढे सरकलेला नाही, काही वेळा तर एकही नाही. पण त्याच गणनेत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसा. काळविटांचे कळप येतात, खोकड येतं, नशीब असेल तर लांडगा दिसतो. देशात लांडगे साधारण तीन हजार असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघ २०२२ च्या गणनेत ३,६८२ भरले. वाघासाठी जेवढी धावपळ होते, त्याच्या पासंगालाही लांडग्याचं नशीब पुरत नाही, कारण तो जंगलात राहत नाही, माळावर राहतो.

आणि हा माळ राखतंय कोण? वन खात्याचे मोजके वनरक्षक आहेत, त्यांच्याबरोबर सोलापुरातून सुट्टीच्या दिवशी येणारी कॉलेजची मुलं, पक्षिमित्र आणि गावातले तरुण आहेत. उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकरचं पाणी ओतणारे, वणवा दिसला की ओल्या फांद्या घेऊन धावणारे हेच हात असतात. धनगर मंडळींचं नाव मात्र कोणत्याही अहवालात येत नाही. लांडग्याने कोकरू उचललं तरी विषप्रयोगाचा विचार न करता दुसऱ्या दिवशी त्याच माळावर मेंढरं घेऊन जाणारा मेंढपाळ माझ्या दृष्टीने या अभयारण्याचा पहिला राखणदार आहे. त्याला पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागू नयेत.

आम्ही विकासाच्या आड येतो, असं म्हटलं जातं. सोलापूरकरांनी विमानाची वाट किती वर्षं पाहिली, ते आम्हालाही माहीत आहे. २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून विमान उडालं तेव्हा आम्हीही आनंदलो. सोलापूरसाठी ठरलेल्या बोरामणीच्या नव्या विमानतळाचं काम सुमारे ३३ हेक्टर वनजमिनीपाशी अडलं, त्यावरून पक्षिमित्रांना बोल लावले गेले. जागा निवडतानाच माळावर काय जगतं हे पाहिलं असतं, तर लोकांचीही इतकी वर्षं गेली नसती.

राजस्थानात जैसलमेर भागातल्या प्रजनन केंद्रांत आज साठहून अधिक माळढोक वाढत आहेत. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. उद्या ही पाखरं मोकळी सोडायची वेळ येईल, तेव्हा नान्नजचं नाव यादीत असावं, ही आमची इच्छा आहे. तोवर माळच प्लॉटिंगमध्ये गेला असेल, तर पाखरू मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

म्हणून मागणं थोडंच आहे. अभयारण्याची सीमा बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. माळढोक दिसत नाही एवढ्या कारणावर तसा प्रस्ताव राज्याकडून जाणार नाही, असं आपण लेखी जाहीर करावं. अभयारण्यातल्या आणि लगतच्या सरकारी माळावर वृक्षलागवड थांबवून गवताचं काम हाती घ्यावं. पवना, मारवेल यांचं बी गावातल्या महिला बचत गटांकडून घेता येईल, चाराही गावाला मिळेल. माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातसाठी हाताळला, २०२४ मध्ये त्या आदेशात बदलही केला. महाराष्ट्राने न्यायालयाची वाट न पाहता नान्नज परिसरातल्या नव्या तारा जमिनीखालून न्याव्यात आणि जुन्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा बसवाव्यात.

शेवटची विनंती. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी भागातल्या शेतकऱ्यांसोबत आणि मेंढपाळांसोबत आपण एक बैठक घ्यावी, ती सोलापूरच्या नियोजन भवनात न घेता गावात घ्यावी आणि सुगी संपल्यावर घ्यावी, म्हणजे रानातली माणसं येऊ शकतील.

आपला,
उत्तर सोलापूर तालुक्यातील एक रहिवासी