डॉक्टर मॅडम, त्या घट्ट चहाबद्दल

नमस्कार मॅडम,
काल बाबा काठी घेऊन गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत गेले आणि स्वतःच्या पायाने परत आले. मी आत जाऊन रडले आणि मग हे लिहायला बसले, कारण डिस्चार्जच्या गडबडीत तुमच्याशी धड बोलताच आलं नव्हतं.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आधीच्या हॉस्पिटलने जीव वाचवला, ते मी विसरणार नाही. पण आठव्या दिवशी 'आता एवढंच, घरी न्या' म्हणून फाईल हातात दिली. गिळता येतंय का हे कोणी बघितलं नाही, आम्ही पाणी पाजत राहिलो, ते खोकत राहिले आणि न्यूमोनिया झाला. लुळ्या हाताला धरून उठवायचं नाही, खांदा निखळतो, हेही तुमच्याकडे आल्यावर कळलं, तोवर आम्ही रोज तसंच ओढत होतो हो! हाजी अलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था १९५५ पासून आहे, आणि आम्हाला तो शब्दसुद्धा कोणी सांगितला नव्हता.

बाबांच्या लेखी डावी बाजू उरलीच नव्हती, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. तुम्ही मुद्दाम डावीकडे स्टूल ओढून बसायचात, 'काका, इकडे बघा' म्हणत, ते मान वळवेपर्यंत थांबायचात. इतकी वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवलात ना, ते त्या थांबण्यातच दिसायचं.

आणि तो चहा. नळी काढल्यावरचा पहिला चहा, पावडर घालून लापशीसारखा घट्ट केलेला, कारण पातळ असलं की घशातून पटकन सटकतं आणि ठसका लागतो. सोबत सहा स्टुडंट्स होते. तुम्ही आधी सगळ्यांच्या हातात एकेक कप दिलात, स्वतः प्यायलात, त्यांनाही प्यायला लावलंत. एकाने तोंड वाकडं केलं तर म्हणालात, "आता काकांनी तोंड वाकडं केलं तर 'पेशंट कोऑपरेट करत नाही' असं लिहायचं नाही." बाबा हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण महिन्याभरात पहिल्यांदा.

औषधं, एक्सरसाइज सगळ्याचा उपयोग झाला, पण त्या कपानंतर बाबा परत माणसात आले असं मला वाटतं. समोरच्याला जे देतोय ते आधी आपण चाखून बघावं, एवढी माणुसकी किती जणांकडे असते? ती सहा मुलं उद्या कुठे कुठे डॉक्टर होतील, त्यांनी तो कप लक्षात ठेवावा.

बाबा आता साधा चहा पितात, आल्याचा. तुमचा विषय निघाला की कप डावीकडे ठेवतात आणि मान वळवून उचलतात.

तुमची,
काकांची मुलगी