यकृताच्या आकड्याला प्लीहेची जोड हवी

मा. संपादक,

यकृतातली गाठ काढायचे ठरले की रुग्णाच्या फाइलीत फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृताचा कडकपणा लहरीने किलोपास्कलमध्ये मोजणाऱ्या तपासणीचा, कागद लागतो. त्यावरच्या आकड्यावरून, ‘१४ आला, कापायला हरकत नाही’ किंवा ‘२२ आला, नको’, असे निष्कर्ष नातेवाईकच काय, कधी कधी डॉक्टरही पटकन काढतात. तो आकडा कसा घेतला हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्या गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून पहाटेच्या बसने बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आलेला माणूस नंबर लागेपर्यंत भाजी-पाव खातो, नाहीतर घरून आणलेली पेज पितो. जेवणानंतर आतड्यांतून यकृताकडे येणारे रक्त वाढते, यकृत फुगते आणि आकडा चढतो. म्हणून तपासणीपूर्वी किमान तीन तास पोट रिकामे हवे. कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा, हृदयाच्या अशक्तपणामुळे साचलेले रक्त, एसजीपीटी (यकृताच्या सुजेचा रक्तातला निर्देशक) पाचपटीहून वाढवणारी सूज यांतही यकृत कडक लागते, पण तो कडकपणा सिरॉसिसचा, म्हणजे व्रण पडून यकृत निबर झाल्याचा, नसतो. उर्राकच्या मोसमात रोज पिणाऱ्याचे माप तर काही आठवडे दारू सोडल्यावर पुन्हा घ्यावे. ते बहुधा खाली येते.

माप घेताना रुग्ण उताणा, उजवा हात डोक्यावर, प्रोब (लहर सोडणारा, कातडीवर टेकवायचा दांडा) बरगड्यांच्या फटीत काटकोनात. दहा ग्राह्य मापे घेऊन त्यांचा मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढतात आणि मधल्या निम्म्या मापांचा पसारा मध्यांकाच्या ३० टक्क्यांच्या आत हवा. कातडीपासून यकृत २५ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर जाड शरीरासाठीचा एक्सएल प्रोब लागतो. नेहमीच्या एम प्रोबने घेतलेले माप तिथे चरबीमुळे फसते. पोटात पाणी असेल तर फायब्रोस्कॅनची लहर पुढे जातच नाही. शिवाय नेहमीच्या फायब्रोस्कॅन यंत्रावर सोनोग्राफीसारखे चित्र दिसत नाही. गाठ नेमकी त्याच फटीखाली असेल तर माप गाठीचे येईल, यकृताचे नाही. सीटी स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय प्रोब टेकवू नये. जिथे शिअर वेव्हची (चित्र पाहत कडकपणा मोजण्याची) सोय असलेली सोनोग्राफी आहे तिथे गाठ टाळणे सोपे. तिथे रुग्णाने खोल श्वास न घेता श्वास मध्येच थांबवायचा, कारण खोल श्वास रोखला तर आकडा वाढतो.

आता प्लीहा, जुन्या माणसांची पाणथरी. यकृत कापल्यावर प्रवेशिका शिरेतले (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतले) सगळे रक्त उरलेल्या तुकड्यातून जायचे असते. तिथला दाब आधीच चढलेला असेल तर तो तुकडा ते पेलत नाही. पाणी भरते, कावीळ वाढते. यकृताचा कडकपणा मुख्यतः यकृतातला अडथळा दाखवतो. आतड्यांकडून वाढलेला रक्ताचा लोंढा त्यात नीट उमटत नाही, प्लीहेत उमटतो, कारण तिची शीर थेट त्याच प्रवेशिकेत जाते. आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध घेतलेल्यांत सिरॉसिस नसतानाही प्लीहा वाढते आणि प्लेटलेट उतरतात, हेही ध्यानात असावे.

बाव्हेनो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०२१च्या तज्ज्ञ-सहमतीनुसार यकृत १५ किलोपास्कल किंवा कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील, तर प्रवेशिकेतला लक्षणीय वाढलेला दाब जवळपास नाकारता येतो. यकृत २५ किंवा त्याहून वर गेले तर, विषाणूजन्य आजारात, तो धरून चालायचे. मधल्या पट्ट्यातल्यांचे काय? तिथे प्लीहा कामी येते: विषाणूजन्य आजारात तिचा आकडा २१च्या खाली असेल तर दाब नसण्याकडे कौल, ५०च्या वर असेल तर असण्याकडे. मात्र हे आकडे फायब्रोस्कॅनचे आहेत, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला लावू नयेत. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांवर एकट्यांवर होत नाहीच. सिरॉसिस असेल तर मागे किमान ४० टक्के यकृत उरते का, हे सीटीवर मोजावे लागते.

प्लीहेचे माप यकृतापेक्षा किचकट आहे. आधी सोनोग्राफीने तिचा जाड भाग शोधून कातडीवर खूण करायची, मग डावा हात वर घेऊन डाव्या बरगड्यांतून माप. प्लीहा लहान असेल किंवा मध्ये फुप्फुस, आतड्यातला वायू आला तर माप मिळत नाही. शक्यतो प्लीहेसाठीची १०० हर्ट्झची (सेकंदाला १०० कंपनांची) सोय वापरावी. यकृताची ५० हर्ट्झची पद्धत ७५ किलोपास्कलला अडते.

शस्त्रक्रियेनंतर घाईने मोजण्यात अर्थ नाही. उरलेले यकृत सूज आणि वाढ यांमुळे काही आठवडे कडकच लागते. उजवा भाग काढला असेल तर नेहमीची फटच हाती राहत नाही आणि डाव्या भागावर हृदयाचे ठोके माप बिघडवतात. पहिल्या आठवड्यात पाचव्या दिवसाचे बिलिरुबिन (काविळीचे मोजमाप) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) जास्त सांगतात. नंतर तेच यंत्र, तोच प्रोब वापरून प्लीहा मोजली तर दाब उतरतो की चढतो ते कळते.

आपल्या राज्यातल्या रुग्णालयांना एवढेच सांगणे की अहवालावर आकड्यासोबत प्रोबचा प्रकार, ग्राह्य मापांची संख्या, पसारा आणि शेवटचे खाणे कधी झाले हे छापावे. आणि तपासणीच्या तारखेच्या चिठ्ठीवर ‘तीन तास आधीपासून काही खाऊ नका, पेजसुद्धा नको’ ही ओळ मराठी व कोंकणीत असावी.

– एक वाचक, फोंडा