सोहमची टाच आणि बाबांची पाठ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सोहमच्या टाचेचं निदान झालं. फोनवर आई रडते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहूनच पाठवते.

हा संधिवातच, पण मुलांमधला. यात स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज येते: टाच, तळपाय, गुडघ्याची वाटी. मोठ्या माणसांत हा आजार बहुधा पाठीपासून सुरू होतो, पोरांत पायांपासून. त्यामुळे सगळे फुटबॉललाच शिव्या देत बसले. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह, एक्स-रे साफ; एमआरआयमध्ये मात्र माकडहाडाच्या वरच्या सांध्यात सूज दिसली. पाठ दुखते असं पोरगं कधी म्हणालंही नव्हतं!

आई, ही वाढीची दुखणी नव्हेत. ती संध्याकाळी-रात्री होतात आणि सकाळी पोर उड्या मारतं. सोहम सकाळीच आखडलेला असतो, हिंडला-फिरला की मोकळा होतो. तेव्हा शाळा बुडवायचं नाटक म्हणायचं नाही, काकांनाही सांग.

दिवाळीला तो येईल तेव्हा त्याला झोपवून ठेवू नका. अंबाई टँकला पोहायला न्या. टाच कुणाकडून चोळून घ्यायची नाही. गोळी जेवणानंतरच, दुसऱ्या प्रकारच्या गोळीनं लघवी केशरी होते, घाबरू नका. वातूळ म्हणून वांगं-हरभरा बंद करू नकोस, डॉक्टरांनी पथ्य दिलेलं नाही. तांबडा रस्सा तर तो मागणारच. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

आता बाबा, तुम्ही. घरात कुणाची पाठ आखडते का, डोळा सारखा लाल होतो का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मला तुम्हीच आठवलात. मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलून पाठ गेली, असं तुम्ही सांगत आलात. पण ओझ्यानं दुखणारी पाठ आडवं पडल्यावर बरी वाटते. तुमची पहाटे जास्त धरते आणि रंकाळ्याला फेरी झाली की सुटते, तीही तिशीपासून. सोहमची एचएलए-बी २७ या, ह्या आजाराशी जोडलेल्या जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आहे. हे जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, त्यामुळे तुमच्याकडून आलं वगैरे मनाला लावून घेऊ नका. पण मान वळवताना तुम्ही अख्खे वळता, हे मला बघवत नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडे नको, संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. जुने एक्स-रे माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, ते काढून ठेवा. तारीख कळली की मी येते.

तुमची,
मनू