चर अडवा, पाणथळ परत येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

शेतातलं पाणी लवकर निघून जावं म्हणून चर खणून खणून पाणथळ जागा कोरड्या केल्या, पिकं आली हे खरं, पण आता तोच चर पावसाबरोबर खत थेट नदीत नेऊन सोडतो आणि शेवाळ माजलं, मासे मेले की सगळे फॅक्टरीकडेच बोट दाखवतात. फॅक्टऱ्या काही धुतल्या तांदळाच्या नाहीत म्हणा!

माझं म्हणणं, ज्या सखल तुकड्यात तसंही पीक सडतं तिथला चर मातीचा बांध घालून अडवा, काठ उतरते करा, पाणकणीस, लव्हाळा वाढू द्या. पाणी रेंगाळलं की गाळ खाली बसतो, त्याला चिकटलेला खतातला फॉस्फरसही. खालच्या काळ्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया मग खतातून आलेल्या नायट्रेटमधला (नायट्रोजन-ऑक्सिजनच्या संयुगातला) ऑक्सिजन वापरतात आणि बराचसा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो, हवेत तो ७८ टक्के आहेच. प्यायच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तान्ह्या बाळांना त्याचा धोका जास्त.

एक मात्र फारसं कोणी बोलत नाही, वर्षानुवर्षं खत खाल्लेली जमीन एकदम बुडवली तर सुरुवातीला तीच फॉस्फरस सोडू शकते, म्हणून आधी माती तपासून घ्या. शेजाऱ्याच्या शेतात पाणी तुंबणार नाही ना हेही लेव्हल लावून बघा, नाहीतर भांडणं ठरलेली. आणि त्या तुकड्याचा मोबदला शेतकऱ्याला सरकारनं दरवर्षी द्यावा, एकदाच अनुदान देऊन फोटो काढून मोकळं होऊ नये.

- एक वाचक